सातवं गाणं

प्रणोती चौगलेचा पहिला अल्बम आला.
शेजारच्या पोरानं मोबाईलवर लावून दिला,
हेडफोन घाला म्हणाला, बाई, आणि क्रिकेटला पळाला.

आठ गाणी. गिटार आहे, व्हायोलिन आहेत,
मागं कुठंतरी माझा यमन,
सोयऱ्यांच्या घरी आल्यासारखा अवघडून बसलेला.

गळा लख्ख. पण श्वास कुठं गेले?
तान संपते, दुसरी सुरू,
मधे जित्तं माणूसच नाही.
कापतात म्हणे ते, कॉम्प्युटरवर.
अकरा वर्षं मी तिला
श्वास कुठं चोरायचा तेवढंच शिकवत होतो.

मत द्या, मत द्या म्हणून अख्ख्या कोल्हापुरात
फ्लेक्स लागले होते तिचे.
त्यातला एक आता गंगावेशीत, बापाच्या गोठ्यावर.
तिच्या हनुवटीखाली म्हशी रवंथ करतात.

टीव्हीवाल्यांनी 'आलो, गेलो' बंद केलं तिचं.
मुलगी आहेस, 'गेले' म्हण.
म्हणाली.
अंतिम फेरीपर्यंत एकदाही चुकली नाही.

सातवं गाणं संपलं. वाद्यं विरली.
कापायचं राहिलं असेल,
किंवा तिनंच राहू दिलं असेल,
एक धाप, आणि अगदी हळू:
'चुकलो काय?'

तसंच विचारायची, सतरंजीच्या कडेला बसून,
दुधाचा वास येणारे हात
मांडीखाली दडवून.

खोलीत कुणी नव्हतं.
हेडफोन काढले, तानपुरा जुळवला
आणि म्हटलं,
निषाद जरा चढला. पुन्हा घे.