सातव्याचं निशाण

थेडफर्डच्या उत्तरेला तारेचं कुंपण ओलांडलं
की नेब्रास्कातला रस्ता संपतो. पुढे नुसतं गवत,
गवताखाली वाळू, मुळांनी कशीबशी धरून ठेवलेली.

मी अठरा जागा शोधायला आलेय.
हातात नकाशा, काखेत निशाणांची मोळी.
वेन्डेल प्राउटी म्हणतात, बांधायचं काही नाही,
सापडायला हवं.
सत्तरीचा माणूस, टेकडीवर उताणा पडून
पाठीनं उतार मोजतो.

वाऱ्यानं कोरलेला एक खड्डा आहे.
लोर्ना हास्कच्या लग्नात घोंगडीएवढा होता म्हणे,
आता तिचा अख्खा गोठा मावेल त्यात.
वेन्डेल हरखले : बुलडोझर नको, बंकर आयता!
"आयता?" लोर्ना म्हणाली,
"तीस वर्षं मी जुने टायर, सडकं गवत,
एक मेलेला ट्रॅक्टरसुद्धा टाकून
तो बुजवत आलेय."
वेन्डेलनी टोपी काढली.
मग बराच वेळ ती हातातच राहिली.

सातव्या ग्रीनचं निशाण मी संध्याकाळी रोवलं.
पहाटे बघते तर काठी चघळलेली,
लाल कापड वासराच्या तोंडातून लोंबतंय
आणि वासरू बसलंय
माझ्या खुणेपासून बारा पावलं डावीकडे,
जिथं वारा अजिबात लागत नाही.

उभी राहून पाहिलं त्या जागेवर.
खरंच लागत नव्हता.

नकाशावरची खूण खोडली. बारा पावलं डावीकडे.
शेजारी कारणाचा रकाना आहे,
तिथं काय लिहावं म्हणून
पेन्सिलीला टोक काढत बसलेय.