बंद करू नये

अंबडच्या शेडमध्ये रात्री दीडला
बाहेर नऊ अंश, आत कॉम्प्रेसर घुमतात.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील,
घडांना ऊब म्हणून.
इथे आम्ही वीज जाळून थंडी तयार करतो,
दाराबाहेर ती फुकट उभी असताना.

मी विचारलं, झडप उघडू का?
गायधनी साहेब म्हणाले, धूळ येईल.
गाळणी बसवू.
गाळणीचं कोटेशन पुण्याला गेलं.
पुणं म्हणालं, बचत किती?
वहीच्या दोन पानांवर आकडा काढून दिला.
पुणं म्हणालं, वीजबिल आमच्या खात्यात येत नाही.
ज्यांच्या खात्यात येतं
ते म्हणाले, यंत्रं आमची नाहीत.
ज्यांची यंत्रं, त्यांच्या करारात अठरा अंश.
अठराच का?
आधीच्या करारात अठरा होतं.

रेवती बोरस्ते नवी आली, सिन्नरची.
मंडपवाल्या मामाकडून तिने
पारदर्शक प्लास्टिक आणलं,
गरम वाट, गार वाट वेगळी केली,
तीन रात्री पट्ट्या चिकटवत.
मीटरचा आकडा पेंगायला लागला.
चौथ्या दिवशी ऑडिट: हे पेट घेईल, काढा.
बरोबर होतं त्यांचं.
तिने मुकाट्याने घड्या घातल्या,
मामाला परत दिल्या. लग्नसराई होती.

सातव्या रॅकमध्ये तळाला एक यंत्र आहे,
त्यावर स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी:
‘बंद करू नये. पिंगळे.’
पिंगळ्यांना नोकरी सोडून आठ वर्षं झाली.
ते यंत्र कुणाशी बोलत नाही,
त्याच्याशी कुणी बोलत नाही,
नुसता श्वास चालू.
फोन लावला तर पिंगळे म्हणाले,
कुठलं? असेल काहीतरी. राहू द्या ना.

काल, नाही, परवा
मी अठराचं एकोणीस केलं.
हात थरथरला, थंडीने नव्हे.
पहाटेपर्यंत पडद्याकडे बघत बसलो.
काहीच झालं नाही.
काहीच झालं नाही, हे सांगायचं कुणाला?
साडेपाचला पुन्हा अठरा.

आज रेवतीने यादी केली,
बंद करायच्या यंत्रांची.
पहिलं तेच.
साक्षीदार म्हणून सही करा, म्हणाली.
मी पेन शोधत राहिलो
खिशात असलेलं.
तिला कसं सांगू,
त्याच्या पाठीमागच्या जाळीवर
मी रोज डबा ठेवतो,
आणि बारा वाजता
मेथीची भाजी गरम असते.