वाव

तूवाच्या टेबलावर हिवाळ्यात एक वही आली.
कातडी पुठ्ठा, पानांना कॉडच्या तेलाचा वास,
उत्तर नॉर्वेतलं एक बेट, कुणी आन्फिन,
साल एकोणीसशे अकरा.
‘चर्चचा कळस काळ्या सुळक्याआड गेला
आणि होडीघराचं दार उघडं दिसलं
की तिथे. चोवीस फाव्न. वाळू. मासळी बरी.’

फाव्न म्हणजे आपली वाव,
हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत.
सरकारी कोष्टकात मात्र तिला हात नाहीत.
एक पूर्णांक अठ्ठ्याऐंशी शतांश मीटर, बस्स.
गुणायचं, लिहायचं, पुढची ओळ.

चोवीस वाव: पंचेचाळीस मीटर, वर बारा सेंटिमीटर.

जूनमध्ये मोजणीची बोट जाऊन आली.
चर्च आहे, सुळका आहे, होडीघराचा नुसता पाया.
यंत्राने तळाला हाक मारली, तळाने ओ दिली:
अडतीस पूर्णांक चार.

‘कोळ्याच्या बाता,’ टोरलाइव म्हणाला,
‘मासा सांगताना हात लांबतात,
तसे खोली सांगतानाही.’
तूवाने मान डोलावली
आणि रात्री स्वयंपाकघरात उलटा भागाकार मांडला.
चोवीसला अडतीस चार.
एकतीसला एकोणपन्नास सहा.
सतराला सत्तावीस दोन.
दर वेळी उत्तर तेच, एक मीटर साठ.
थापा इतक्या मापात कोण मारतं?

वहीत आन्फिनचा फोटो होता,
दारात उभा, डोकं चौकटीला टेकलेलं.
एवढ्या माणसाची वाव एक साठ?

शेवटच्या पानावर उधारी होती:
मीठ, रॉकेल, दोन किलो साखर,
आणि ‘गुनवोरला लोकरी हातमोजे.
जुने दोरीने खाल्ले.’

म्हणजे तो वल्ही धरून बसायचा,
होडी प्रवाहात जागच्या जागी ठेवत,
आणि ती उभी.
ओली दोरी वर खेचत, हात उघडत,
पुन्हा खेचत, पुन्हा उघडत,
मोठ्याने मोजत, वाफ सोडत, चोवीसपर्यंत.
अक्षर त्याचं. आकडा तिचा.

त्यांच्या भाषेत फाव्न म्हणजे मिठीसुद्धा.
तूवाला हे लहानपणापासून ठाऊक,
म्हणून कधी ऐकू आलं नव्हतं.

सकाळी तिने गुणकाच्या रकान्यात १.६० भरलं.
पडदा लाल झाला: गुणक अमान्य.
शेऱ्याला चाळीस अक्षरांचाच वाव.
तिने लिहिलं: दोरी ओढली गुनवोरने.
उरलेली अक्षरं तशीच सोडली.

मग व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाठ लावली,
हात पसरले.
‘टोरलाइव, टेपचं ते टोक धरा जरा.’
त्याने चष्मा कपाळावर सरकवला, वाकून वाचलं.
‘एक चौसष्ट. कशाला हवंय?’

तिने ते कुठेच नोंदवलं नाही.
हात मात्र लगेच खाली घेतले नाहीत.