बस अडकली आहे

भिरंडीच्या झाडावर चुन्याने एक्केचाळीस लिहिलंय,
सातविणीवर बेचाळीस. मग खाजन सुरू होतं,
तिथे झाडं नाहीत म्हणून त्यांनी खुंट्या ठोकल्या,
लाल फडकी बांधून, थेट मानशीपर्यंत.
"कुर्ल्यांना नंबर द्यायचे विसरले," कायतान म्हणाला.
कापणी होऊन गेलेली, मानशीची दारं उघडी.
भरतीचं पाणी आत आलं, खुंट्यांभोवती थोडं फिरलं,
आणि ओहोटीला निघून गेलं,
कशावरही सही न करता.

रविवारी कुंभारजुव्याची ग्रामसभा.
बगलरस्ता नको, यावर एकमत.
आमच्या वाड्यावर असं एकमत
नारळांच्या वाटणीवरही होत नाही.
मी बोलले. कागद न बघता, पाच मिनिटं.
म्हणाले, रस्ता रुंद केला की दोन वर्षांत पुन्हा तुंबतो,
उंदरांसाठी मोठी कणगी विणल्यासारखं आहे हे.
म्हणाले, खाजन बुजवलं की पाणी दुसरी वाट काढतं,
आणि ती आपल्या रांधपघरातून जाते.
टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

तेवढ्यात दारात कदंबचा कंडक्टर,
शर्ट पाठीला चिकटलेला, तिकिटांची पिशवी पोटावर.
"बस अडकली आहे.
दोन्ही बाजूंनी गाड्या लावल्यात. कोणाच्या त्या?"

कोणी बोललं नाही. पंखा तेवढा बोलत राहिला.
मग मागच्या रांगेत एक किल्ली वाजली,
मग दुसरी,
मग सगळा हॉल
लग्नाचं जेवण आटोपल्यासारखा उठला.

मीही उठले. माझी पांढरी होती,
सातविणीला आरसा टेकवून उभी.
घरापासून तिथवर चारशे बारा पावलं.
नंतर मोजली.

बसमध्ये सात माणसं. एक बाई
मांडीवर तांबड्या भाजीची पाटी घेऊन बसलेली.
मी मागे-पुढे करत गाडी काढत होते,
ती बघत होती. रागाने नाही.
उगाच थोडी सरकली,
शेजारी कोणाला जागा द्यावी तशी.

सोमवारी मी पणजीला बसने गेले. मंगळवारीही.
बुधवारी उशीर झाला.
गुरुवारी सह्यांचे गठ्ठे न्यायचे होते, जड होते,
गाडी काढली.
आरशाच्या कडेला चुना लागलेला,
बेचाळीसमधल्या दोनाचं शेपूट.

हे इथे लिहितेय, कारण
निवेदनात त्याला जागा नव्हती.
तिथे आधीच छापलेलं होतं:
आम्ही सर्व.