भिंतीत खिळे ठोकू नयेत

मागच्या दोन खोल्या बांधल्या
जिनिंगमधून निवृत्त झालो त्या साली,
फंडाच्या पैशातून.
बाहेरून पिवळा डिस्टेंपर, आतून चुना,
आणि दारामागे पाटी, माझ्याच अक्षरात:
रात्री नऊनंतर पाहुणे नकोत.
पाणी जपून.
भिंतीत खिळे ठोकू नयेत.

पहिला आला बँकेतला कॅशियर, ढोबळे.
मे महिन्यात म्हणाला,
काका, कूलरला वेगळा पॉइंट काढून द्या.
पाहू, म्हणालो.
पाहू हा शब्द मी तेव्हा फार वापरायचो.
मिरग लागायच्या आत तो चौकापलीकडे गेला,
शंभर रुपये जास्त भाड्याने.
मग ग्रामसेवक. त्याच्याकडे कोण आलं, कोण गेलं
हे त्याच्याआधी मला कळायचं.
आठ महिने टिकला.
मग एक मास्तरीणबाई. नाव वहीत आहे,
चेहरा आठवत नाही.
गळका नळ मात्र आठवतो,
तो तिने तीनदा सांगितला होता.

त्यानंतर सहा महिने कुलूप.
रिकाम्या खोलीत वाळवी येते,
चिमण्या मीटरच्या पेटीत काड्या भरतात.
जिनिंगमध्ये काटा माझ्याकडे होता,
गाडीमागे किलो कुठे गळतो ते मला लांबून दिसायचं.
घरचं वजन त्या सहा महिन्यांत केलं:
चारशेच्या पॉइंटपायी नऊ हजार.

मग रेवता कुमरे आली. वनरक्षक.
एक ट्रंक, एक मोटारसायकल, दोन वर्द्या,
आणि आई, जी ओसरीत बसून मोहफुलं निवडायची.
पॉइंट तिने मागायच्या आधीच काढून दिला होता.
भाडं एक तारखेला, पाकिटात.
दोन वर्षं.
बाजारात सांगत फिरायचो,
भाडेकरू असावा तर असा,
घरात आहे की नाही कळत नाही.

चैत्र संपता संपता कूलरच्या ताट्या बदलायला गेलो.
विचारून गेलो, एवढं आलं होतं अंगवळणी.
वर्दी खुर्चीवर. कॅलेंडर गादीखाली.
तिच्या वडिलांचा फोटो
पिठाच्या डब्याला टेकून, जमिनीवर.
ट्रंक उघडी, अर्धी भरलेली.
दोन वर्षं अर्धी भरलेली.
म्हटलं, फोटो खाली कायले ठेवला बाई?
म्हातारी पाटीकडे न पाहताच बोलली,
“खिळा नाही ना बापा भितीले.”

त्या रात्री झोप आली नाही, किंवा उकाडा होता.
ज्याचा एकही खिळा भिंतीत नाही
त्याला निघायला किती वेळ लागेल?
उरलेली अर्धी ट्रंक भरायला लागेल तेवढा.

नागपूरहून मुलाचा फोन, बाबा, भाडं वाढवा,
रस्त्याचं काम निघालंय, कंपनीचे इंजिनिअर दुप्पट देतील.
देतील.
आणि रस्ता झाला की त्याच रस्त्याने जातील.

पांढरकवड्याच्या बाजारातून पाव किलो खिळे आणले,
हातोडी घरची.
दार वाजवून म्हटलं, सांगा कुठं ठोकायचा.
म्हातारीने दोन भिंती नाकारल्या,
तिसरीजवळ उभी राहिली, मग परत पहिलीकडे:
“इथं. इथं सकायचं ऊन येते.”
पहिल्याच घावाला ओंजळभर चुना पडला.
खोटं कशाला बोलू, जीव हळहळला.
दुसरा घाव अंगठ्यावर.
तिसऱ्याला बसला.
रेवताने फोटो लावला, एक पाऊल मागे गेली,
काही बोलली नाही. चहा टाकला.

पाटी अजून आहे.
तिच्यावर कॅलेंडर आलंय, त्यामुळे वाचता येत नाही.
जूनपर्यंत बदल्यांची यादी निघेल,
तिचं नाव असेलही.
सरकारच्या कागदाला माझी भिंत काय माहीत.

काल दिवेलागणीला धुऱ्यावरून परत आलो
तर मागच्या खोलीतून ठक, ठक.
काय लावताय, विचारलं नाही.
ओसरीत बसून चपला काढल्या आणि मोजत राहिलो.
सहावा खिळा होता.