काटा

इस्पितळातल्या वजनकाट्यावर उभं राहावं लागतं.
मी खुर्चीत. नर्स माझ्या डोक्यावरून
बहिणीला विचारते, "साधारण किती असेल यांचं?"
नोएमी माझ्याकडे बघते. मी छताकडे.
"साठ लिहू?"
साठ.
उधारीच्या वहीत दुकानदार
आकडा गोल करतो, तसं.

अकरा वर्षं झाली मला कुणी तोललेलं नाही.
वाल्पाराइसोच्या टेकडीवर एका घराला
निळा रंग देत होते, परांची सरकली.
ते घर अजून अर्धं निळं आहे.
मालकाने उरलेली भिंत दुसऱ्या कुणाकडून
रंगवून घेतली नाही,
माझ्यासाठी की पैसे वाचावेत म्हणून,
कधी विचारलं नाही.

डॉक्टरकडे जायचं तर एकशे बारा पायऱ्या.
चार माणसं लागतात: उर्सुआ बंधू,
बेकरीतला एल्मेर, आणि चौथा
त्या वेळी शुद्धीवर असेल तो.

गुरुवारी रात्री डोकं फुटायला लागलं.
कपाळ घामाने निथळत होतं, छातीखाली मात्र कोरडं, गार.
आणि दंडावर काटा.
छातीच्या चौथ्या मणक्याखालचं माझं शरीर
सरळ काही सांगत नाही मला,
रुसलेल्या जावेसारखं
तिसऱ्याच्या तोंडून निरोप धाडतं.
पण ती भाषा मी शिकलेय.
काटा म्हणजे: खाली काहीतरी अडलंय.

डॉक्टर तरुण, दमलेला, वाईट नव्हता.
म्हणाला, अर्धशिशी. आडवं करा, दिवा मालवा.
मी म्हटलं, आडवं करू नका. बसवा मला.
रक्तदाब बघा. माझा रोजचा नव्वद असतो.
नळी बघा.
त्याने नोएमीला विचारलं,
"या नेहमीच एवढ्या घाबरतात का?"

दोनशे आठ.

यंत्राने सांगितलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना
एकदम ऐकू यायला लागलं.
शिकाऊ नर्स, माइते नाव तिचं, गुडघ्यावर बसली,
माझ्या मांडीखाली हात घातला.
नळी मुडपलेली. बोटभर.
तिने ती सरळ केली आणि
पायाला बांधलेली पिशवी भरू लागली,
घड्याळाचा काटा सहा मिनिटं पुढे गेला,
डोकं हळूहळू माझं झालं.

कागदावर डॉक्टरने लिहिलं: आराम पडला.
कशाने, ते नाही लिहिलं.
माइतेने जाता जाता विचारलं,
"तुम्हाला कळलं कसं?"
अकरा वर्षांत हा प्रश्न
पहिल्यांदा कुणी मला विचारला. मलाच.
उत्तर देताना घसा बसला, म्हणून तिला दंड दाखवला.
काटा तोवर मावळला होता.

शनिवारी मेहुण्याने, नोल्बेर्तोने, मला
कोळ्यांच्या धक्क्यावर नेलं.
कोंग्रिओंच्या पेट्या तोलतात त्या काट्यावर
खुर्चीसकट ढकललं. दोन पेलिकन बघत होते,
आपल्याला काही मिळेल का म्हणून.
अठ्ठावन्न. मग मला मासळीच्या ओट्यावर बसवून
रिकामी खुर्ची तोलली. चौदा.

चव्वेचाळीस.

म्हणजे इतकी वर्षं सोळा किलोंचं औषध
मी कुणा दुसरीच्या वाटचं गिळत होते.
कोण असेल ती?
काट्यावर सरळ उभी राहणारी,
नर्स जिच्या तोंडाकडे बघून बोलते, ती?
तिची तब्येत आतापर्यंत झकास असायला हवी.

नोल्बेर्तोने पावती फाडून दिली.
तिला खवले चिकटलेले, वास तर विचारू नका.
सोमवारी खिडकीवरच्या बाईने
ती दोन बोटांत धरली.
"यावर शिक्का नाही," म्हणाली.
"वजन आहे," मी म्हटलं.
तिने घेतली की नाही, अजून ठाऊक नाही.

संध्याकाळी वर जाताना,
साठाव्या पायरीवर चौघे श्वास घ्यायला थांबले,
तेव्हा मी आकडा सांगितला.
एल्मेर घाम पुसत म्हणाला,
"चव्वेचाळीस? मग इतकी वर्षं आम्ही
शिव्या कुणाला देत होतो?"