पाणी दिलेली खीळ

बालझान भट्टीपाशीही कोट काढत नाही.
बाहेर उणे अडतीस. दाराखालच्या फटीतून
स्टेपीचा वारा कोळशाची भुकटी आणतो
आणि तिच्या बुटांवर ठेवून जातो.

समोर तांब्याचं वेटोळं,
वेटोळ्यात खीळ: दोन बोटं जाड, वीतभर लांब,
वाघिणीच्या ब्रेकच्या दांड्या सांध्यात धरणारी.
बटण दाबलं की वेटोळं थंडच राहतं,
लाल होते ती खीळ,
आधी डाळिंबाच्या सालीसारखी, मग दाण्यासारखी,
आणि अकरा म्हणेपर्यंत
नजर ठरत नाही अशी.
पेडल. फवारा. किंचाळी. वाफ.
पुढची.

दोन मिलिमीटर. तेवढंच कातडं कडक करायचं.
आतला गाभा राहू द्यायचा तसाच अडाणी, मऊ,
हिसका बसला तर जरा वाकेल
पण हात सोडणार नाही असा.
मग दोन तास ओव्हनमध्ये, मंद आचेवर,
पाण्याने आलेला ताठा थोडा उतरेपर्यंत.
ओव्हनच्या माथ्यावर तिचा डबा: घोड्याचं मटण, कांदा.

मागच्या हिवाळ्यात तोलेगेन आला, नवा इंजिनियर,
शहरी बूट, नाकावर चष्मा, चष्म्यावर दव.
खिळा लवकर झिजतात, म्हणाला,
आणखी कडक करा. अकरा नको, एकवीस.
आणि हा ओव्हन कशाला? नुसती वीज खातो.
बालझान म्हणाली, माझा डबा गार राहील.
तो हसला.
तिने दुसरं काहीतरी सांगितलं होतं.

महिनाभर खिळा अशा निघाल्या
की कानस लावली तर कानसच घसरायची.
तोलेगेनने एक टेबलावर ठेवली, कागदांवर वजन म्हणून.

फेब्रुवारीत, पहाटे, सत्तेचाळीसाव्या किलोमीटरच्या उतारावर,
सहासष्ट वाघिणी कोळसा घेऊन येत असताना
चौदावीची खीळ तुटली.
वाकली नाही, कुरकुरली नाही,
थंडीत बरणी तडकावी तशी.
दांडी खाली लोंबली, स्लीपरांवर आपटत गेली,
तिच्यामागे सतरावीची, मग बत्तिसावीची.
ड्रायव्हर कुआनिशने उरलेल्या ब्रेकांवर गाडी थांबवली,
सिग्नलच्या पुढे दोन किलोमीटर,
आणि खाली उतरून बर्फात बसून राहिला.
कोणी मेलं नाही.
अहवालात हेच पहिलं वाक्य होतं.

तुकडे पोत्यातून आले.
बालझानने एक उचलला, तुटलेलं तोंड दिव्याकडे केलं.
आरपार रवा. जाड, चमकदार,
साखरेच्या ढेपेसारखा.
गाभा कुठे संपतो, कातडं कुठे सुरू होतं,
काही कळत नव्हतं. सगळं कातडंच.
बघ, ती म्हणाली.
तोलेगेनने हातमोजा काढून बोट फिरवलं.
गोठलेल्या लोखंडाला बोट चिकटलं.
त्याने ओढून सोडवलं, थोडी त्वचा तिथेच राहिली.
बोलला नाही. तिनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली
तर ओव्हन आधीच चालू होता
आणि तो समोर उभा, घड्याळ बघत, पूर्ण दोन तास.
दार उघडल्यावर खिळा निघाल्या
घासलेल्या जागी फिकट, गव्हाच्या काडासारख्या.
हाच का तो रंग, त्याने विचारलं.
अजून एक छटा, ती म्हणाली, आणि दार लावलं.

तुटलेला एक तुकडा तिच्या घरी आहे.
कोबी खारवायच्या पिंपात, झाकणावरच्या दगडाशेजारी.
घर रुळांपासून लांब नाही.
रात्री गाडी येते, उताराला ब्रेक लागतात,
लांबलचक, कर्कश, भांडणासारखा आवाज.
नवरा कूस बदलतो, उशी कानावर घेतो.
ती मोजते.
बासष्ट, त्रेसष्ट,
चौसष्टावी जरा उशिरा ओरडते,
पण ओरडते.